‘दुधाचा दात पडणारच आहे’ : एका वाक्याचा इतिहास

आज समोर दंतवैद्यकाचे विद्यार्थी बरेच दिसताहेत, आणि त्यांच्या बरोबरीने रावेत, किवळे, पुनावळे भागातले आईवडीलही आले आहेत. त्यामुळे आम्ही दोन्हीकडे बघत बोलणार आहोत. विद्यार्थ्यांना यातल्या काही गोष्टी पाठ असतील. त्या त्यांनी परीक्षेची काळजी बाजूला ठेवून पुन्हा एकदा ऐकाव्यात, एवढीच विनंती.

आजचा विषय एक वाक्य आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडते, रात्री ते गालाला हात लावून रडतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘अगं, दुधाचा दात आहे, पडणारच आहे.’ आजी म्हणते, शेजारी म्हणतात, बाबा कामावरून दमून आलेले असतात, तेही म्हणतात. कधीकधी हे दवाखान्यातसुद्धा ऐकू येतं. वाक्य खोटं नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. दुधाचा दात पडणारच असतो. पण तो कधी पडणार आणि तोपर्यंत त्याने काय काय करायचं आहे, हे त्या वाक्यात कुठेच नाही.

आधी साधा हिशेब करू. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे आलेले असतात. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच पडतात, म्हणून आपल्याला वाटतं की दुधाचे दात म्हणजे सहा-सात वर्षांचं काम. पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा-सात वर्षं नोकरी करायची आहे. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात सहा-सात वर्षं एका जागी टिकलेल्या नोकरीला लोक कायमची नोकरी समजतात. दाढेला मात्र आपण पहिल्या दिवसापासून हंगामी ठरवून टाकतो.

आता मागे जाऊ. आपल्याकडे बालरोगांवरचा जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिचं हस्तलिखित नेपाळात मिळालं आणि राजगुरू हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नांतून ते १९३८ साली छापून आलं. तिच्या सूत्रस्थानात ‘दन्तजन्मिक’ नावाचा एक अख्खा अध्याय आहे, फक्त दात येण्यावर. त्यात दात बत्तीस सांगितले आहेत. त्यांपैकी आठ एकदाच जन्मतात, बाकीचे ‘द्विज’, म्हणजे दोनदा जन्मणारे. आजच्या मोजणीप्रमाणे वीस जागी दात दोनदा येतात आणि बारा दाढा एकदाच, तेव्हा आकडा जुळत नाही. पण विचार बघा. दुधाचा दात आणि त्याच्या जागी येणारा दात या दोन सुट्या वस्तू नाहीत, एकाच जागेचे दोन जन्म आहेत, असं तो शब्द सांगतो. मुलींचे दात मुलांपेक्षा लवकर येतात, अशीही नोंद त्या अध्यायात आहे. कायमच्या दातांबाबत तर आजची निरीक्षणंही तेच सांगतात.

पुढे हा विचार मागे पडला आणि दुधाच्या दाताच्या वाट्याला विचित्र नशीब आलं. तो येताना त्याच्यावर संशय, आणि किडताना त्याला वाली नाही. संशय किती? लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात, त्यांत सतराव्या शतकात ‘दात’ हे मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदलेलं असे. ज्या वयात बाळं सर्वांत जास्त दगावत, त्याच वयात दात येत, म्हणून दोष दाताला. सोळाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद अँब्रोज पारे यांनी बाळाच्या हिरड्या चिरण्याचा उपाय सांगितला आणि तो पुढे तीन शतकं चालला. नंतर दात येताना द्यायच्या पावडरी आल्या. त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग असे. त्यातून हातपाय लालगुलाबी होऊन सोलवटणारा ‘पिंक डिसीझ’ नावाचा आजार बाळांना व्हायचा. त्याचा पाऱ्याशी संबंध १९४० च्या दशकात लक्षात आला, पावडरी बाजारातून काढल्या गेल्या आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. न झालेल्या रोगावरचं औषधच रोग होऊन बसलं होतं.

हसू नका, आपल्याकडेही हे आहेच. ‘दात येताहेत, जुलाब होणारच’ हे तुम्ही ऐकलं असेल. सहाव्या महिन्याच्या सुमाराला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते, वरचं अन्न सुरू होतं, आणि हिरड्या सळसळतात म्हणून बाळ दिसेल ती वस्तू तोंडात घालतं. जुलाब त्या घाणीने होतात. दाताला दोष दिला की ओआरएस द्यायला उशीर होतो, आणि तो उशीर बाळाच्या जिवावर बेतू शकतो. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. बालदंतवैद्याचं पहिलं काम कधीकधी दाताला निर्दोष सोडवण्याचं असतं.

आता वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या विद्येकडे येऊ. पॅरिसमध्ये १७२८ साली पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. ओळीबाहेरचे दात धातूच्या अर्धवर्तुळाकार पट्टीला दोऱ्याने बांधून ओळीत आणण्याची रीत त्यात आहे. पंधरा वर्षांनी, १७४३ साली, फ्रान्समध्येच रोबेर ब्युनों यांनी दुसराच प्रश्न विचारला. काही मुलांच्या कायमच्या दातांवर खड्डे आणि रेघा का असतात? त्यांचं उत्तर असं, की दात जबड्यात तयार होत असताना मुलाला देवी, गोवर, मुडदूस असं काही मोठं दुखणं झालेलं असतं. एकाने आलेला दात हलवला, दुसऱ्याने दात येण्याआधीचं बालपण तपासलं. वाटा तिथेच दोन झाल्या.

पहिली वाट लवकर हमरस्ता झाली. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या विसंगतींचं वर्गीकरण मांडलं. क्लास वन, टू, थ्री. आमच्या विद्यार्थ्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. १९०० साली त्यांनी सेंट लुईसला या विद्येची स्वतंत्र शाळा काढली आणि १९०१ साली या तज्ज्ञांची संघटना झाली. ऑर्थोडॉन्टिक्स असं सवतं घर करून राहिलं. पण गंमत बघा. अँगल यांनी सगळं वर्गीकरण ज्या दातावर उभं केलं, ती पहिली कायमची दाढ. ती सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप येते. म्हणून आईवडिलांना तीही दुधाचीच वाटते. तिला जागेवर आणून उभी करण्याचं काम पुढची दुधाची दाढ करते. ती दाढ वेळेआधी गेली, की अँगल यांची ही किल्ली पुढे सरकते आणि कुलूप बिघडतं.

दुसरी वाट पायवाटच राहिली. लॉस एंजेलिसमध्ये १९०९ साली एव्हँजेलिन जॉर्डन या दंतवैद्य बाईंनी फक्त मुलांनाच तपासायचं ठरवलं. अमेरिकेत मुलांच्या दंतवैद्यकासाठी संघटना झाली ती १९२७ साली, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टांच्या नंतर सव्वीस वर्षांनी. मधल्या काळात न्यूझीलंडने वेगळंच पाऊल टाकलं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून सैन्याने कपाळाला हात लावला होता. तेव्हा सैन्याच्या दंतसेवेतले थॉमस हंटर यांनी पुढाकार घेतला आणि १९२१ पासून तरुण मुलींना दोन वर्षांचं प्रशिक्षण देऊन शाळाशाळांतून दंतपरिचारिका म्हणून नेमायला सुरुवात झाली. मूल दवाखान्यात येण्याची वाट बघत न बसता दवाखानाच शाळेत गेला.

आपल्या देशातली गोष्टही याच सुमाराला सुरू होते. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्य झाले आणि १९१८ पर्यंत बोस्टनच्या फोर्साइथ इन्फर्मरीत काम करत होते. ती संस्था खास मुलांच्या दातांसाठी होती. परत येऊन त्यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैशांसाठी त्यांनी काय केलं असेल? ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान चालवलं. सोड्याच्या गोड पेयांच्या कमाईवर दातांचं कॉलेज! आम्हांला यात थट्टा दिसत नाही, जिद्द दिसते. पण मुलांच्या दवाखान्यात हात घडलेल्या माणसाने सुरू केलेल्या विद्येत, पुढे मूल मात्र बराच काळ मागच्या बाकावर बसलं.

मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज सुरू झालं. १९४८ साली दंतवैद्य कायदा झाला आणि त्यातून डेंटल कौन्सिल आलं. मुलांच्या दंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा अमृतसरच्या सरकारी कॉलेजात १९५० साली निघाला, असं आपली पाठ्यपुस्तकं सांगतात. पण देशपातळीवरच्या संघटना बघा. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची नोंदणी १९६५ ची, आणि बालदंतवैद्यांच्या सोसायटीची स्थापना १९७९ ची. इथेही तोच क्रम. दात वाकडे झाल्यावर सरळ करणारे आधी संघटित झाले, वाकडे होऊ नयेत म्हणून झटणारे चौदा वर्षांनी.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. वाकडा दात दिसतो, राखलेली जागा दिसत नाही. न झालेल्या नुकसानीची बिलं कोण फाडणार? पण विद्यार्थ्यांनो, तुमच्या कॉलेजच्या रुग्णालयात ‘पेडो’ आणि ‘ऑर्थो’ हे दोन वेगळे विभाग का आहेत, याचं उत्तर या इतिहासात आहे. मुलाचं तोंड मात्र एकच असतं, आणि या दोन विभागांच्या मध्ये त्याची चार-पाच वर्षं हरवतात.

कशी, ते सांगतो. दुधाची दुसरी दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. १९४७ साली नॅन्स यांनी मोजून दाखवलं, की यातून खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर जागा शिलकीत राहते. ही निसर्गाची बचत आहे. पाचव्या वर्षी दाढ किडली, काढून टाकली आणि तिथे काही बसवलं नाही, तर मागची दाढ पुढे झुकते. बचत जाते, मुद्दलही जातं. बाराव्या वर्षी नवा दात येतो आणि त्याला उभं राहायला जागा नसते. मग तो गालाकडून नाही तर जिभेकडून डोकावतो. सगळे वाकडे दात असेच होतात असं नाही. जबड्याची ठेवण घराण्यातून येते, अंगठा चोखण्याची सवय असते. पण किडीमुळे गेलेली जागा हे कारण असं आहे की ते टाळता येतं. दात वाचवावा, आणि काढावाच लागला तर ‘बँड अँड लूप’सारखा स्पेस मेंटेनर बसवावा. शेजारच्या दाढेला एक कडं आणि त्याला तारेचा एक फास, बस. रिकामी खोली दुसऱ्याने बळकावू नये म्हणून घातलेली कडी.

जागेखेरीज आणखी एक गोष्ट आहे. दुधाच्या दाताच्या मुळांखालीच कायमचा दात घडत असतो. ज्या वर्षांत आपण ‘पडणारच आहे’ म्हणतो, त्याच वर्षांत खाली त्याचं काम चालू असतं. वरच्या दुधाच्या दाढेत पू झाला तर खालच्या दाताच्या एनॅमलवर डाग किंवा खड्डा राहू शकतो. विद्यार्थी त्याला ‘टर्नर्स टूथ’ म्हणून ओळखतात. औषधांचंही तसंच. आपल्या शेजारी पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. दाढेचा पू जबड्यात पसरून मूल दगावण्याची भीती ज्या औषधांनी कमी केली, त्यांतलं हे एक. पण त्याच दशकात जगभर वापरात आलेल्या टेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने मुलांचे घडते दात पिवळे-करडे होतात, हेही लक्षात आलं. म्हणून आज आठ वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो देत नाहीत. घडणारा दात कायम नोंद ठेवतो आणि एनॅमलवरची नोंद पुसता येत नाही.

सर्वांत मोठी नोंद पाण्याची. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कारण सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ साली रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं दाखवलं. आपल्याकडे १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून हाच विकार नोंदला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली काही गावं हे दुखणं पिढ्यान्‌पिढ्या सोसत आहेत. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, आणि खोलवरच्या खडकातलं पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटले. त्या मुलांना ‘दात घासत नाहीस का?’ असं विचारलं जातं. मुलगी असेल तर लग्न ठरवताना विचारलं जातं. गंमत अशी, की हेच फ्लोराइड थोडं असेल तर दात किडीपासून वाचतात, हे कळल्यावर १९४५ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने ते मुद्दाम पाण्यात घातलं. आपल्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं.

रावेतकरांना पाण्याबद्दल आम्ही वेगळं काय सांगावं? पवनेचं पाणी इथल्याच बंधाऱ्यापाशी उचललं जातं आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराला जातं. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून, पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या धरणाचं हे पाणी. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. म्हणून इथल्या मुलांना फ्लोराइडची टूथपेस्ट हवी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. पण या शहरात माणसं सगळीकडून आली आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बाहेरच्या राज्यांतून. आठ वर्षांचा मुलगा खुर्चीत बसतो, आधार कार्डावर पत्ता चाकणचा असतो, आणि समोरच्या दातांवर नांदेडकडच्या बोअरचं पाणी लिहिलेलं असतं. दात रगडून पांढरे करायच्या आधी त्याच्या आईला विचारा, ‘हा तीन वर्षांचा असताना तुम्ही कुठं होता?’ आणि त्या गावात मागे राहिलेली धाकटी भावंडं आजही तेच पाणी पीत असतील, तर तेही विचारा.

आता शेवटचा मुद्दा, पैशांचा आणि वेळेचा. तारांचा उपचार दीड-दोन वर्षं चालतो आणि दर महिन्या-दीड महिन्याला यावं लागतं. कंत्राटी कामगाराची पाळी बदलते, कंपनी बदलते, भाड्याची खोली बदलते. तारा अर्ध्यावर राहतात. ज्याला हा उपचार पेलत नाही, त्याच्याच मुलाची दुधाची दाढ आपण ‘पडणारच आहे’ म्हणून सोडलेली असते. म्हणजे स्वस्तातली गोष्ट नाकारून महागातली गोष्ट त्याच्या माथी मारायची. हा अन्याय कोणी ठरवून करत नाही, पण होतो.

वाटा आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या तीस गोष्टी तपासायच्या, त्यांत दातांचे विकारही आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी व्हायची असते. आईवडिलांनी ते कार्ड मागून घ्यावं, त्यावर दाताबद्दल काय लिहिलंय ते वाचावं आणि पुढे पाठवलं असेल तिथे मुलाला न्यावं. विद्येनेही वाट सोपी केली आहे. जपानमधून आलेलं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ड्रिल न लावता कीड थांबवू शकतं. दात तिथे काळा दिसतो, हे आधी सांगून ठेवावं लागतं. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी किडलेल्या दुधाच्या दाढेवर, न कोरता, न सुई टोचता, स्टीलची टोपी बसवायला सुरुवात केली. २००७ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं आणि ‘हॉल टेक्निक’ जगभर गेली. दोन्ही उपाय प्रत्येक दाताला चालत नाहीत. पू झाला असेल तर वेगळा मार्ग घ्यावा लागतो. पण घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी आता काहीच करता येत नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, तुम्ही पेडोमध्ये जा, ऑर्थोमध्ये जा, की गावी जाऊन साधा दवाखाना टाका. एखादी आई ‘पडणारच आहे ना हा?’ असं विचारेल, तेव्हा ‘हो’ म्हणा, कारण ते खरं आहे. आणि लगेच पुढे सांगा, ‘पण याला अजून सहा वर्षं काम आहे.’ तिच्यासमोर बोटं मोजून सांगा, चार ते दहा. बहुतेक आयांना एवढं पुरतं. त्यांना कुणी मोजून दाखवलेलं नसतं, इतकंच.

आम्ही इथे थांबतो. पहिले प्रश्न आईवडिलांचे घेऊ, विद्यार्थ्यांचे नंतर.